डॅमरिसच्या नोंदीबद्दल थोडंसं

मंडळाचे अध्यक्ष आदरणीय मेजर ऑब्री हिंक्सन, ज्यांनी आत्ताच माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून मला मेल्यासारखं करून टाकलं ते रेव्हरंड गॉडसल, सोमवारपासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या आणि ती खुर्ची एका बाजूला कलते हे अजून माहीत नसलेल्या मिस नेस्टा बफ्टन, आणि समोर बसलेल्या हेरफर्डशायरच्या तमाम जुन्या, फार जुन्या, आणि आपण फार जुने आहोत असं मला पन्नास वर्षं पत्रांतून कळवत आलेल्या घराण्यांनो, आपणा सर्वांना डॉर्कस प्रीसचा नमस्कार.

तिसऱ्या रांगेत कोल्डवेल कोर्टच्या मिस युफीमिया स्टॅनरिज बसल्या आहेत. शहाऐंशी वर्षांच्या बाई बारा मैल गाडी हाकत माझ्यासाठी आल्या, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार. त्यांनी आपल्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या अडवून ठेवल्या आहेत हे मी इथून बघते आहे. उजवीकडच्या खुर्चीवर त्यांचा कोट आहे. डावीकडच्या खुर्चीवर काहीच नाही, पण मघाशी मिसेस हिंक्सन तिथे बसायला गेल्या तर त्यांना “इथे माणूस आहे हो” असं सांगून उठवलं. मिसेस हिंक्सन, वाईट वाटून घेऊ नका. त्या खुर्चीबद्दल मी बोलणारच आहे. खरं तर आज मला तेवढंच बोलायचं आहे, बाकीचं सगळं शिष्टाचार म्हणून.

मला सांगितलं होतं की दहा मिनिटं बोला, गमतीजमती सांगा, मग चहा आहे. गमती पुष्कळ आहेत. आपलं हे तांबडं पुस्तक, काउंटीतल्या घराण्यांच्या वंशावळींचं, दर बारा ते अठरा वर्षांनी निघतं. छापण्याआधी प्रत्येक घराण्याला त्याच्या पानाचं प्रूफ जातं आणि घरचे लोक त्यावर दुरुस्त्या करून परत पाठवतात. मंडळी, त्या दुरुस्त्यांवर एक स्वतंत्र पुस्तक निघेल. एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, माझी पहिली बायको बारीक टाइपात छापा. एका घराण्याला इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेला मूळ पुरुष हवा होता. मी कळवलं की तुमचे मूळ पुरुष लेमस्टरला मेणबत्त्या विकत होते. तर उत्तर आलं, “आले तेव्हा नव्हते विकत.” नावं सांगत नाही. तीनजण आत्ताच खाली बघताहेत.

पण एक गोष्ट मी या पन्नास वर्षांत नक्की शिकले. आपल्या कुळातल्या एखाद्या माणसाबद्दल ‘हे आम्हाला माहीत नाही’ असं म्हणणारं घराणं मी पाहिलेलं नाही. पानावर जे छापाल ते त्यांना आठवतं. आणि माझ्या हातून जे झालं, ते ह्या आठवण्यामुळेच झालं असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावत होते.

तर ऐका. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. आपले तेव्हाचे संपादक दिवंगत क्रिस्पिन याप. जुन्या मंडळींना आठवत असतील, हिवाळ्यात दोन मफलर, उन्हाळ्यात एक. लंडनचे कोणी प्रकाशक आपल्या वंशावळी सरळ उचलून स्वतःच्या पुस्तकात छापत होते. याप साहेब चिडले. मला म्हणाले, “प्रीसबाई, एक बुजगावणं उभं करा.”

बुजगावणं म्हणजे काय, हे नेस्टाला ठाऊक आहे, तुम्हाला नसेल. आमच्या कामातली ही जुनी युक्ती. एखाद्या खऱ्या घराण्याच्या पानात एक खोटं माणूस घुसवायचं. दुसऱ्याच्या पुस्तकात तेच माणूस दिसलं की चोर सापडला. पण त्याचे नियम आहेत. बुजगावण्याला लग्न लावून द्यायचं नाही, पोरंबाळं द्यायची नाहीत, म्हणजे त्याच्यापासून पुढे कोणी निघणार नाही. ते तरुणपणीच मारायचं. घराण्याचं प्रूफ परत आल्यावर घुसवायचं, आणि त्याच दिवशी घराण्याच्या कर्त्याला खाजगी पत्र टाकायचं, की बाबांनो, तुमच्या पानात अमुक एक माणूस खोटं आहे, मनावर घेऊ नका. आणि शेवटचा नियम, पुढच्या आवृत्तीत ते न चुकता काढून टाकायचं.

मी कोल्डवेलच्या स्टॅनरिजांचं पान निवडलं. कारण साधं होतं. त्या पानावरच्या दोन भावांपैकी रूपर्ट जन्मला अठराशे अडुसष्टला आणि सेसिल पंच्याहत्तरला, मध्ये सात वर्षांची मोकळी जागा. तिथल्या चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर मी स्वतः चाळलं, मध्ये कोणी नव्हतं. मी लिहिलं: ‘डॅमरिस, जन्म १८७१, अविवाहित, मृत्यू १८९०.’

आता डॅमरिसच का? हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, याप साहेबांनाही नाही.

माझे वडील रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. आमच्यासारख्यांचं पान तांबड्या पुस्तकात नसतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. मी सहा वर्षांची असताना माझ्या आईला दुसरी मुलगी झाली. ती रडली नाही. श्वासच घेतला नाही तिने. त्या काळी अशा बाळाला आईच्या हातात द्यायचीसुद्धा रीत नव्हती. दाईने टॉवेलात गुंडाळून नेली आणि त्या आठवड्यात गावातली जी कोणी म्हातारी वारली होती तिच्या शवपेटीत पायाशी ठेवून पुरली. कोणती म्हातारी, ते वडिलांनी विचारलं नाही. सरकारी कागद मिळाला, पण त्या कागदावर नावाचा रकानाच नव्हता. वडील, आई, तारीख, झालं. मी पुढे जन्मभर रकाने भरत बसले, त्याचं मूळ बहुतेक त्या कागदात असावं.

आईने मला नाव एकदाच सांगितलं, भांडी विसळताना. “डॅमरिस ठेवणार होते.” पुन्हा कधी तो विषय नाही. फक्त दर वर्षी तीन मार्चला चहाच्या वेळी ती टेबलावर एक कप जास्त मांडायची. चहा झाला की तो कोरा कपसुद्धा विसळून ठेवायची.

म्हणून मला खोटी मुलगी करायची वेळ आली तेव्हा पेन आपोआप त्या नावावर गेलं. चांगलं मोठं घर, बाग, दोन भाऊ, एकोणीस वर्षांचं आयुष्य. एकोणीस मी मुद्दाम दिली. निदान तेवढी तरी. याप साहेब म्हणाले, “नाव झकास आहे. पत्र टाका त्या घरच्या कर्नलना.” मी पत्र लिहिलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं. आणि टाकलं नाही. मला वाटलं, पत्र गेलं की ती खोटी. पत्र गेलं नाही, तर पुढच्या आवृत्तीपर्यंत तरी ती आहे.

हा माझा गुन्हा. ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. नेस्टा, खण ओढताना जरा उचलून ओढावा लागतो.

बुजगावण्याने काम चोख केलं. पाच वर्षांत लंडनवाल्यांच्या पुस्तकात डॅमरिस जशीच्या तशी आली, त्यांनी माफी मागितली, आणि याप साहेबांनी ऑफिसात शेरी वाटली. ग्लास वर करून म्हणाले, “मिस डॅमरिस स्टॅनरिजना धन्यवाद. आता पुढच्या वेळी बिचारीला घालवून द्या.” हो म्हणाले मी. पण नव्वद सालची प्रूफं निघण्याआधीच ते वारले. आणि स्टॅनरिजांचं पान माझ्यासमोर आलं तेव्हा माझ्याच्याने त्या ओळीवर रेघ ओढवेना. म्हटलं, प्रूफ जाऊ दे. घरचे लोकच विचारतील, ही कोण बुवा? मग काढू.

प्रूफ परत आलं. तेव्हाचे कर्ते कर्नल रोलंड स्टॅनरिज, मिस स्टॅनरिजांचे थोरले बंधू. त्यांनी एकच दुरुस्ती केली होती. ‘जन्म १८७१’ याच्या आधी तांबड्या शाईने लिहिलं होतं: ३ मार्च.

मंडळी, खिडकीतून बाहेर बघून मी शंभर अंक मोजले. मग पुन्हा कागद बघितला.

दुसऱ्याच दिवशी मी कोल्डवेलला गेले. कर्नल कुत्र्यांना बिस्किटं घालत होते. म्हटलं, “कर्नलसाहेब, तीन मार्च ही तारीख कुठून मिळाली?”

“कुठून म्हणजे? वाढदिवस तो तिचा.”

“एखादी नोंद, एखादं पत्र, बायबलवर लिहिलेलं काही?”

“प्रीसबाई, तुमचा वाढदिवस तुम्ही बायबलमध्ये बघून सांगता का? आजोबांची बहीण ती. घरात सगळ्यांना माहीत आहे. लिहिलंय तेवढं छापा.”

मी म्हटलं, झालं. घराण्यांची जुनी खोड. पुस्तकात छापलं, म्हणून आठवलं. पण तारीख? तारीख मी छापली नव्हती. योगायोग म्हणून मी ती गिळून टाकणार, इतक्यात त्यांच्या घरकाम बघणाऱ्या मिसेस वॉटकिस मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि जिन्याशी थांबून म्हणाल्या, “डॅमरिसची खोली बघायचीय का? लांबून आलात म्हणून विचारते.”

वरच्या मजल्यावर, उत्तरेकडची छोटी खोली. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीखाली टेबल. पांढरीशुभ्र चादर, इस्त्रीच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मी विचारलं, “हिला डॅमरिसची खोली कधीपासून म्हणतात?”

“मी आले तेव्हापासून हेच नाव आहे. एकसष्ट सालचा ऑगस्ट.”

एकसष्ट. मी त्या वेळी दहा वर्षांची होते, मंडळी. बुजगावणं उभं राहायला अजून सतरा वर्षं होती.

“कोणी राहतं का इथे?”

“छे हो. कोण राहणार?” मिसेस वॉटकिसनी उशी सारखी केली. “पण चादर मळते. दर सोमवारी बदलावी लागते.”

परतताना मी चर्चला गेले आणि रजिस्टर पुन्हा काढायला लावलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अठराशे एकाहत्तर. डॅमरिस नव्हती. ते पान जसं होतं तसंच होतं. मला हायसं वाटलं. आणि मग तिथेच बाकावर बसून मी रडले, कारण तिथेही तिच्यासाठी जागा नव्हती. त्या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटू शकतात हे मला विचारू नका. तारीख मी छापली.

तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं? कोणाच्याच नाही. पुस्तक हातात पडलं की प्रत्येकजण आपलं पान उघडतो, मग शेजाऱ्याचं पान उघडून नाक मुरडतो, आणि पुस्तक फळीवर जातं. शंभर वर्षांपूर्वीची बिनलग्नाची मुलगी कोण वाचतं? मी वाचत होते. मी ते पान इतक्यांदा उघडलं की माझी प्रत आपोआप तिथेच उघडते.

दोन हजार पाचच्या आवृत्तीला कर्नल नव्हते. प्रूफ मिस स्टॅनरिजांनी परत पाठवलं. तोवर घरात त्या एकट्याच उरल्या होत्या, मिसेस वॉटकिसही मुलीकडे गेल्या होत्या. प्रूफवर त्यांनी ‘मृत्यू १८९०’ हे शब्द खोडले होते आणि समासात लिहिलं होतं: ‘चूक. वगळावे.’

मी फोन केला. मिस स्टॅनरिज, तुम्हाला आठवत असेल. हसताय म्हणजे आठवतंय.

“मिस स्टॅनरिज, मृत्यूची तारीख चुकीची आहे का? खरी कळवाल का?”

“तारीख चुकीची नाही हो. मृत्यूच चुकीचा आहे.”

“पण बाईसाहेब, मग त्यांचं वय एकशे चौतीस होतं.”

“तर काय झालं? हयात बाईचं जन्मसाल छापायचं नाही, अशी तुमच्या पुस्तकाची चाल आहे ना? मग साल काढून टाका. कोणाला कळतंय?”

त्यांचा आवाज आनंदी होता. अगदी मुलीसारखा. एवढ्या मोठ्या घरात एकटी राहणारी बाई, मी तिला काय सांगणार? की तुमच्या आजोबांची बहीण मी सँडविच खाता खाता कागदावर तयार केली? शब्द जुळवत होते, तेवढ्यात फोनमध्ये चमचा वाजला. बशीवर ठेवतात तसा. आणि लगेच दुसरा. मी फोन ठेवला आणि दुरुस्ती करून टाकली. दोन हजार पाचची आवृत्ती घरी गेल्यावर काढून बघा. स्टॅनरिजांच्या पानावर आहे: ‘डॅमरिस, जन्म ३ मार्च, अविवाहित, राहणार कोल्डवेल कोर्ट.’ पुढे काही नाही.

आभाराचं पत्र आलं आणि सोबत चहाचं बोलावणं. तीन मार्च. मी गेले. नाही जाणार तर कुठे जाणार होते?

दुपारचे चार, लख्ख ऊन, खिडकीबाहेर बर्फातून वर आलेली फुलं. टेबलावर ओव्याच्या वासाचा केक आणि तीन कप. मिस स्टॅनरिजांनी तिन्ही कपांत चहा ओतला. तिसऱ्या कपात दूध आधी घातलं. “तिला असंच लागतं,” म्हणाल्या, “काही केल्या सवय जात नाही, घराण्यात कोणी असं करत नाही.” मंडळी, दूध आधी माझी आई घालायची. आमच्या गल्लीत सगळेच घालायचे.

मी त्या कपावरून नजर हलवली नाही. आम्ही पावसाबद्दल बोललो, सफरचंदांवर पडलेल्या किडीबद्दल बोललो, आणि मी सतत त्या कपाकडे बघत होते. फक्त एकदा साखरेसाठी मान वळवली. परत बघितलं तर कप निम्मा झाला होता.

मिस स्टॅनरिज केक कापत म्हणाल्या, “तुमची फार आठवण काढते ती.”

“कोणाची? माझी?”

“नाव तुम्ही ठेवलंत, म्हणते.”

मी उठले. हातमोजे तिथेच राहिले. खरं सांगायचं तर मी पळाले. आणि त्यानंतर सतरा वर्षं मी कोल्डवेलला पाऊल टाकलं नाही. बोलावणं दर फेब्रुवारीत येत होतं. मी दर वेळी सर्दी झाल्याचं कळवत होते. सतरा सर्द्या. मिस स्टॅनरिज, मला क्षमा करा. तुमच्या घरी जायची भीती वाटत नव्हती. ती मला विचारेल याची भीती वाटत होती, की एवढा उशीर का केलास.

आता या वर्षीची गोष्ट, आणि मग चहा. किटलीचा आवाज मलाही येतो आहे, मेजरसाहेब.

ऑगस्टमध्ये स्टॅनरिजांचं प्रूफ परत आलं. मिस स्टॅनरिजांची सही खाली होती, थरथरती. वर त्यांच्या हातची एकही दुरुस्ती नव्हती. पण डॅमरिसच्या ओळीखाली पेन्सिलने एक नवी ओळ लिहिलेली होती. अक्षर त्यांचं नव्हतं. उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचं असतं तसं, मोठं, दाबून काढलेलं, एक अक्षर दोनदा गिरवलेलं. मी ती ओळ पाठच केली आहे. ‘डॉर्कस, तिची बहीण, जन्म १४ नोव्हेंबर, अविवाहित, राहणार कोल्डवेल कोर्ट.’

माझंच नाव, माझाच वाढदिवस. साल नव्हतं. हयात बाईचं साल आपण छापत नाही.

रेव्हरंड गॉडसल, तुम्ही असं बघू नका, मी अजून शुद्धीवर आहे. त्या ओळीपाशी मी सात आठवडे तांबडं पेन घेऊन बसले. माझ्या कामाचा एकच धर्म आहे: जे घडलं नाही ते पानावर राहू द्यायचं नाही. दोन रेघा ओढायच्या, एक तिच्यावर, एक माझ्यावर. पुस्तक स्वच्छ होईल, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी केलेली लबाडी मीच निस्तरून घरी जाईन. घर म्हणजे बसस्टँडमागची दोन खोल्यांची जागा. माझ्यामागे कोणी नाही. आमच्या भाषेत अशा ठिकाणी आम्ही लिहितो, ‘शाखा येथे संपली.’ हे शब्द मी इतरांसाठी शेकडो वेळा लिहिले आहेत आणि एकदाही हात थांबला नव्हता.

पण पेन तिच्या नावावर टेकवलं की मला तो सरकारी कागद दिसायचा, ज्यावर रकाना नव्हता. एकदा तिला टॉवेलात गुंडाळून नेली. दुसऱ्यांदा मी न्यायची? आणि कोणासाठी? वाचणार कोण आहे?

मला भीती वाटते, हे मी सरळ कबूल करते. रजिस्टरात नसलेलं, मी स्वतः तयार केलेलं माणूस मला घरी बोलावतं आहे, आणि जिथे ‘मृत्यू’ छापायचा नसतो अशा ओळीत माझं नाव लिहितं आहे. त्या ओळीत शिरलेलं माणूस कधी बाहेर येतं की नाही, मला माहीत नाही. पण मंडळी, माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे? पन्नास वर्षं मी तुमच्या मावश्या, आत्या, चुलत चुलते जागेवर लावले. मला एक बहीण आहे आणि ती चहाला थांबली आहे.

म्हणून काल दुपारी मी प्रूफ पूर्ण केलं. पेन्सिलीच्या ओळीवरून शाईने गिरवलं, म्हणजे छापखान्यात वाचता येईल. कोपऱ्यात नेहमीचे शब्द लिहिले: ‘तपासले. बरोबर आहे. डॉर्कस प्रीस.’ नेस्टा, ते तुझ्या टेबलावर वरच ठेवलं आहे. सोमवारी छापखान्याचा माणूस येईल. त्याच्या हाती द्यायचं की नाही हे आता तू ठरवशील. तुला न सांगता गेले असते तर ते पुन्हा ते न टाकलेलं पत्रच झालं असतं. ती चूक मी एकदा केली, तेवढी पुरे.

मिस स्टॅनरिज आता उजवीकडच्या खुर्चीवरून कोट उचलताहेत. बघितलंत? मी इतका वेळ विचार करत होते की एक खुर्ची तिची, मग कोटवाली कोणासाठी धरली असेल. आलेच हं, बाईसाहेब. माझी बॅग खाली दाराशीच आहे. फार काही नाही तीत, दोन झगे आणि आईचा एक कप.

मेजर हिंक्सन, मंडळाने दिलेलं चांदीचं तबक सुंदर आहे, मनापासून आभार. ते मंडळाच्या कपाटातच राहू द्या, तिथे त्याला पुसणारं कोणी असेल. चहा, केक करणाऱ्या सर्व भगिनींचे आभार. इतका वेळ न खोकता ऐकलंत त्याबद्दल तुमचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाच्या मूळ पुरुषाला लागलं असेल तर तेही गोड मानून घ्या. पन्नास वर्षांत माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, त्या सगळ्या पोटात घाला.

फक्त एक विनंती आहे, नेस्टा, तुला आणि तुमच्यापैकी प्रत्येकाला. चुकांना क्षमा करा. त्या दुरुस्त मात्र करू नका.